भोसरीत प्रेसवर भावाची तीन बोटं गेली. ठेकेदार स्टॅम्पवर सही मागतोय. काय करावं?

मोशीची_ताई

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय ३० पूर्ण. गाव जिंतूरकडे. चार वर्षं झाली, भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये ठेकेदारामार्फत कामाला आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, राखीपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात, रात्रपाळीला पॉवर प्रेसवर त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मधलं, अनामिका आणि करंगळी, तिन्ही मुळापासून. पीस डायमध्ये अडकला म्हणून काढायला हात घातला आणि प्रेस खाली आली. प्रेसला दोन हातांनी एकदम दाबायची बटणं होती, पण त्यांची जोडणी कधीच काढून पायाचं पॅडल लावलेलं. पॅडलवर माल जास्त निघतो म्हणून सुपरवायझरनेच तसं करून घेतलं होतं.

ठेकेदाराने खासगी हॉस्पिटलात नेलं, ९०,००० बिल भरलं. तेव्हा आम्हाला तो देवमाणूस वाटला. आता तो म्हणतो, दीड लाख देतो, त्यातून हॉस्पिटलचे ९०,००० वजा, म्हणजे हातात ६०,०००. पाचशेच्या स्टॅम्पवर मजकूर टाइप करून आणलाय: "माझ्याच निष्काळजीपणामुळे अपघात झाला, फुल ॲन्ड फायनल मिळाले, यापुढे कंपनी व ठेकेदाराविरुद्ध कोणतीही तक्रार राहिली नाही." सही केली तरच पुन्हा कामावर, तेही झाडलोटीला. ऑगस्टपासून पगाराचा एक रुपया नाही.

पगार १६,५०० होता. ११,००० बँकेत, ५,५०० हातात. भाऊ म्हणतो, ताई, सही करून टाकतो, तीन महिन्यांचं भाडं थकलंय. मी त्याला रविवारपर्यंत थांबवून धरलंय. कायदा कोणाला माहीत असेल तर कृपा करून सांगा.

जुना_फिटर

ताई, सर्वात आधी: सही करू देऊ नका. भाड्याची सोय नातेवाइकांकडून, उसनवारीने, कशीही करा. मी ३१ वर्षं पिंपरीत फिटर होतो, त्यातली बरीच वर्षं युनियनचं काम केलं. असे स्टॅम्प मी ढिगाने पाहिलेत. आणि त्यावर सही करताना घाबरलेली माणसंही.

आता पहिला प्रश्न, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. भावाचं ईएसआय, म्हणजे पगारातून वर्गणी कापून मिळणारा सरकारी कामगार विमा, होतं का? पगार २१,००० च्या आत आहे आणि कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय लागू होतं, ठेकेदाराची माणसंसुद्धा त्यात येतात. ईएसआय असेल तर भरपाई ईएसआय देतं आणि मालकावर १९२३ च्या कायद्याखाली दावा करता येत नाही. ईएसआय लागूच नसेल तर १९२३ चा कायदा, ज्याला आपण अजून वर्कमेन कॉम्पेन्सेशन म्हणतो. २०१० मध्ये त्याचं नाव कर्मचारी भरपाई कायदा झालं. दोन दारं आहेत, एकाच दारातून आत जाता येतं. कोणतं ते आधी कळलं पाहिजे.

मोशीची_ताई

काका, ठेकेदार म्हणतो ईएसआय नाही, माझी आठच माणसं आहेत. भावाकडे कसलंही कार्ड नाही. शॉपमध्ये एकूण मात्र तिन्ही पाळ्या धरून तीस-पस्तीस जण असतात.

जुना_फिटर

तीस-पस्तीस? मग ठेकेदाराचं 'आठच माणसं' हे उत्तर पुरत नाही. भावाच्या पगाराच्या स्लिपा शोधा. कपातीच्या रकान्यात काय काय लिहिलंय ते बघून सांगा.

वाकडेवाडी_वकील

ताई, मी कामगार न्यायालयात काम करते. स्लिपा सापडेपर्यंत १९२३ चा कायदा सांगून ठेवते, कारण हा धागा वाचणाऱ्या अनेकांना ईएसआय खरोखरच नसेल. लहान वर्कशॉप, बांधकामावरचे मजूर, खासगी गाड्यांचे ड्रायव्हर हे बहुतेक याच कायद्यात येत, आणि २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधीच्या अपघातांना तोच लागतो.

भावाची चूक होती का, हा प्रश्न या कायद्यात मुळातच गौण आहे. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात झाला एवढं पुरतं. मालकाला सुटायचं असेल तर त्याने सिद्ध करायचं की माणूस दारूच्या नशेत होता, किंवा त्याने सुरक्षेसाठीची स्पष्ट सूचना जाणूनबुजून मोडली, किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकलं. अडकलेला पीस काढायला हात घालणं यातलं काहीच नाही. आणि बटणांची जोडणी तर सुपरवायझरने काढून घेतली होती. मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं असेल तर हे बचावसुद्धा चालत नाहीत.

हिशेब असा. कायमच्या संपूर्ण अपंगत्वाला मासिक वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयानुसारचा गुणांक. वय ३० ला गुणांक २०७.९८. वेतन कितीही असलं तरी हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात, ही मर्यादा जानेवारी २०२० पासूनची, त्याआधी ८,००० होती. म्हणजे ९,००० गुणिले २०७.९८, एकूण १८,७१,८२०. एका हाताची तीन बोटं जाणं म्हणजे कायद्याच्या परिशिष्टात, इजांच्या यादीत, कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट. १८,७१,८२० चे ३० टक्के म्हणजे ५,६१,५४६ रुपये. ठेकेदार ६०,००० हातात ठेवतोय.

नुसते बँकेतले ११,००० धरले तर हीच रक्कम ४,११,८०० वर येते. म्हणून हातात मिळणाऱ्या ५,५०० चा पुरावा महत्त्वाचा. सोबतच्या दोन कामगारांची साक्ष, पगाराच्या दिवशीचे मेसेज, एखाद्या डायरीतली नोंद, जे मिळेल ते जपा.

आणि ते ९०,००० वजा करणं. कायद्याच्या कलम ४ मध्येच स्पष्टीकरण आहे की उपचारासाठी मालकाने दिलेला पैसा भरपाईपोटी दिलेला धरायचा नाही. हॉस्पिटलचा प्रत्यक्ष खर्च देणं ही त्याची वेगळी जबाबदारी आहे. ती भरपाईतून कापून घेता येत नाही.

मोशीची_ताई

हे वाचून मी अर्धा तास नुसती बसून राहिले. भावाला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, मग सगळेच सही का करतात?

रात्रपाळी

ताई, सही का करतात ते मी सांगतो. मी केली होती. चाकणला, उजव्या हाताचं मधलं बोट, १२ टक्के. घरी बहिणीचं लग्न होतं. ४०,००० एकरकमी दिसले आणि पुढचं काही दिसलं नाही. कायद्यात बारा टक्क्यांचे किती होतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. कामावर घेताना तुझे हक्क हे असे आहेत म्हणून लिहून द्यायचं असतं हेसुद्धा आत्ता कळतंय.

वाकडेवाडी_वकील

रात्रपाळी, ते बंधन २०१७ पासून कायद्यातच आहे. कामावर घेतानाच कर्मचाऱ्याला त्याचे भरपाईचे हक्क त्याला समजेल अशा भाषेत लेखी कळवायचे. नाही कळवले तर ५०,००० ते १ लाख दंड.

तुमच्या सहीबद्दल: कलम १७ प्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा करार शून्य असतो. भरपाईची रक्कम ठरवणारा समझोता करायचाच असेल तर त्याची नोंद आयुक्तांकडे करावी लागते, कलम २८. रक्कम अपुरी वाटली किंवा फसवणूक, दबाव दिसला तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. न नोंदवलेल्या कागदाने मालक सुटत नाही. पूर्ण भरपाई द्यावीच लागते, आधी भरपाई म्हणून जे दिलं ते वजा होईल इतकंच. दावा अपघातापासून दोन वर्षांत करायचा. उशिराला सबळ कारण असेल तर तो माफ होऊ शकतो. तुमचा अपघात केव्हाचा?

रात्रपाळी

मार्च २०२४.

वाकडेवाडी_वकील

मग वेळ फार कमी आहे. याच आठवड्यात या. शिवाजीनगर जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, महिलांना आणि अपंग व्यक्तींनाही. कोणी 'मिळालेल्या रकमेच्या तीस टक्के माझे' म्हणाला तर तिथून उठून या. निकालावर ठरणारी फी वकिलाला घेता येत नाही.

आणखी एक. या कायद्यातले 'आयुक्त' म्हणजे वाकडेवाडीच्या कामगार आयुक्तालयातले अधिकारी नव्हेत. पुण्यात कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच आयुक्त म्हणून हे दावे चालवतात. चुकीच्या कार्यालयात अर्ज देऊन वर्षभर वाट बघत बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

तळवडे_शॉप

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. तळवड्याला माझं छोटं युनिट आहे, सात माणसं. लिहायला जड जातंय, पण लिहितो.

२०१७ मध्ये माझ्याकडे एका मुलाच्या अंगठ्याचं टोक हाडासकट गेलं. मी घाबरलो. कोणीतरी स्टॅम्पचा सल्ला दिला, मी ३५,००० देऊन लिहून घेतलं. मुलगा वर्षाने कामगार न्यायालयात गेला. माझ्या वकिलाने तो स्टॅम्प वाचला आणि मला कलम २८ दाखवलं. अंगठ्याच्या पेराला परिशिष्टात २० टक्के आहेत. पूर्ण रक्कम अपघाताच्या तारखेपासून १२ टक्के व्याजाने भरली, वर दंड लागला. माझ्याकडे तेव्हा विमा पॉलिसी होती. अपघात झाल्याबरोबर विमा कंपनीला कळवलं असतं तर भरपाई त्यांनी दिली असती. मी ते लपवायला निघालो आणि सगळं स्वतःच्या खिशातून गेलं. पण मला त्याहून जास्त सलतं ते हे, की त्या मुलाच्या आईने माझ्या ऑफिसात उभं राहून त्या कागदाला हात जोडले होते.

माझ्यासारखे जे वाचत असतील त्यांना विनंती: पॉलिसी काढा, प्रेसचं दोन हातांचं बटण चालू ठेवा, आणि अपघात झाला तर कळवा.

जुना_फिटर

तळवडे_शॉप, हे लिहिलंत त्याबद्दल तुमचा आदर वाटतो.

ठेकेदाराच्या मुद्द्यावर एक भर. कारखान्याच्या नेहमीच्या कामासाठी ठेकेदाराचा माणूस असेल तर १९२३ च्या कायद्यात मूळ मालकावर थेट दावा लावता येतो. मालकाने मग ठेकेदाराकडून वसूल करावं, तो त्यांच्यातला प्रश्न. गावोगावी पळून जाणाऱ्या ठेकेदाराच्या मागे कामगाराने फिरायचं नाही.

परिचारिका

मी एका रुग्णालयाच्या अपघात विभागात काम करते. ताई, हॉस्पिटलचे कागद आजच बघा. दाखल करताना माहिती कोणी दिली? बऱ्याचदा ठेकेदाराचा माणूस 'घरी पाट्याखाली हात आला' किंवा 'गाडीवरून पडला' असं सांगतो आणि तेच केस पेपरवर उतरतं. आम्हाला रुग्णाला स्वतःला विचारायची संधी मिळतेच असं नाही, तो वेदनेत असतो किंवा भूल दिलेली असते.

मोशीची_ताई

परिचारिका ताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. केस पेपरवर 'दरवाजात हात अडकून इजा' लिहिलंय. माझ्या हातापायातलं बळ गेलं.

परिचारिका

धीर सोडू नका. एक्स-रे आणि ऑपरेशनच्या नोंदी मागून घ्या, त्या रुग्णाला मिळतात. तिन्ही बोटं मुळापासून चिरडून जाणं हे दरवाजाने होत नाही, हे कोणताही डॉक्टर सांगू शकेल. त्या रात्रीचा हजेरीपट, पाळीतल्या सोबत्यांचे जबाब आणि भावाने स्वतः पोलीस ठाण्यात व कारखान्यात दिलेला लेखी अर्ज, हे सगळं त्या एका ओळीसमोर उभं राहील. अर्जाच्या पोचेवर शिक्का घ्या.

वाकडेवाडी_वकील

बरोबर. आणि कारखान्यातल्या अपघाताची खबर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयालाही द्यायची असते. ती गेली नसेल तर भावाने स्वतः अर्ज करावा. प्रेसचं पॅडल आता काढून टाकलं असेल, तरी सोबत्यांच्या मोबाइलमध्ये जुना फोटो असू शकतो.

नाशिक_फाटा

थोडं विषयांतर, माफ करा. माझ्या मिस्टरांना दुसऱ्या पाळीला जाताना कासारवाडीजवळ टेम्पोने उडवलं. कंपनी म्हणते रस्त्यावरचा अपघात आमचा नाही. खरं आहे का?

वाकडेवाडी_वकील

पूर्ण खरं नाही. ईएसआयच्या कायद्यात २०१० मध्ये नवीन कलम आलं, घरून कामावर जाताना किंवा परत येताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दिसत असेल, तर कामावरचाच धरायचा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहाटे तीनच्या पाळीला निघालेल्या साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या २००३ सालच्या मृत्यूत तेच तत्त्व १९२३ च्या कायद्यालाही लावलं. शिवाय टेम्पोच्या विम्यावर मोटार अपघात न्यायाधिकरणाचा रस्ता आहे. वेगळा धागा काढा, तारखा आणि पाळीची वेळ लिहा, मी उत्तर देते.

मोशीची_ताई

काका, स्लिपा सापडल्या. भावाच्या जुन्या फोनच्या व्हॉट्सॲपमध्ये होत्या. दर महिन्याला 'ई.एस.आय. ८३' असं कापलेलं आहे. पहिल्या महिन्यापासून.

जुना_फिटर

कामगाराची ईएसआय वर्गणी पगाराच्या पाऊण टक्का असते. ११,००० चे पाऊण टक्का म्हणजे ८२.५०, वरच्या रुपयाला ८३. म्हणजे ईएसआय होतं, ताई. चार वर्षं त्याच्या पगारातून पैसे कापले आणि त्याला सांगितलं ईएसआय नाही. खासगी हॉस्पिटलात का नेलं आणि 'दरवाजा' का लिहिलं, तेही आता कळतंय. ईएसआयच्या दवाखान्यात नेलं असतं तर अपघाताची नोंद झाली असती.

आता रस्ता बदलला. वरचा ५,६१,५४६ चा हिशेब भावाला लागू होणार नाही, हे मी तुम्हाला आत्ताच स्पष्ट सांगतो, नंतर निराशा नको. ईएसआयचा विमेदार १९२३ च्या कायद्याखाली मागू शकत नाही.

जे मिळेल ते असं. जखम भरेपर्यंत कामावर जाता आलं नाही त्या दिवसांचे वेतनाच्या ९० टक्के. त्यानंतर वैद्यकीय मंडळ कमाईच्या क्षमतेतली घट ठरवेल आणि त्या प्रमाणात दरमहा पैसे, आयुष्यभर. ३० टक्के ठरले तर ११,००० वेतनावर दिवसाला अंदाजे ९९ रुपये, महिन्याला तीन हजारांच्या आसपास. कामावरच्या दुखापतीला किती महिने वर्गणी भरली हे बघत नाहीत, पहिल्या दिवसापासून हक्क असतो. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना मालक कामावरून काढू शकत नाही. आणि हा लाभ कोणाच्या नावे लिहून देता येत नाही, त्यामुळे ठेकेदाराच्या स्टॅम्पने तो बुडत नाही.

रात्रपाळी

महिन्याला तीन हजार? एकरकमी साडेपाच लाखांपुढे हे कमी नाही का, काका?

जुना_फिटर

आज कमी दिसतं. मुलगा ३० वर्षांचा आहे, आणि ते पैसे तो असेपर्यंत येत राहतील. तरीही सांगतो, कमी आहेच, आणि त्याचं मोठं कारण ते ५,५०० आहेत. खरं वेतन १६,५०० दाखवलं असतं तर महिन्याला साडेचार हजारांच्या जवळ गेलं असतं. हातात दिलेल्या पगाराने ठेकेदाराने चार वर्षं स्वतःची वर्गणी वाचवली आणि आता त्याची किंमत भावाने आयुष्यभर भरायची. म्हणून ईएसआयकडे खऱ्या वेतनाची लेखी तक्रार करा. वकील ताईंनी वर सांगितलेला पुरावा इथेही तसाच लागेल.

वाकडेवाडी_वकील

टक्क्यांबद्दल एक गोष्ट मनात ठेवा. १९७५ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९२३ च्या कायद्याखाली एका सुताराचा दावा ऐकला. डावा हात कोपराच्या वरून गेला होता. परिशिष्टाप्रमाणे टक्केवारी कमी होती, पण एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून अपंगत्व संपूर्ण धरलं गेलं. भाऊ उजव्या हाताने काम करणारा प्रेस ऑपरेटर आहे. वैद्यकीय मंडळापुढे तो काय काम करायचा, किती वजनाचा पीस धरायचा, आता काय धरता येत नाही, हे त्याने स्वतः सांगितलं पाहिजे. मंडळाची टक्केवारी कमी वाटली तर अपील आहे.

आणखी एक: २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या आणि ईएसआयच्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. भावाचा अपघात त्याआधीचा आहे, तेव्हा कोणी 'जुना कायदा गेला, आता काही मिळत नाही' म्हणालं तर ऐकू नका.

मोशीची_ताई

आज बिबवेवाडीला पंचदीप भवनात, ईएसआयच्या कार्यालयात, जाऊन आले, भाऊ सोबत होता. खिडकीवरच्या बाईंनी आधार नंबरवरून शोधलं. भावाचा विमा नंबर निघाला, चार वर्षांपूर्वीचा. वर्गणी ११,००० वर भरलेली आहे. अपघाताचा अहवाल मात्र कारखान्याने पाठवलेलाच नाही. आमचा अर्ज घेतला, पोच दिली. खऱ्या वेतनाच्या तक्रारीचा वेगळा अर्ज दिला, त्यालाही शिक्का आहे. मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात सगळ्या मूळ कागदांसह जायला सांगितलंय.

दुपारी ठेकेदाराचा फोन आला, आता दोन लाख म्हणतोय. भावाने स्वतः सांगितलं, सही नाही.

जुना_फिटर

शाबास. मोहननगरला सकाळी लवकर जा, केस पेपर काढायला रांग असते. 'दरवाजा' लिहिलेला कागदसुद्धा लपवू नका. सोबत सोबत्यांचे जबाब जोडा. आणि दुखापतीमुळे नोकरीच सुटली तरी वर्षाला १२० रुपये भरून भावाला आणि त्याच्या बायकोला ईएसआयचे उपचार चालू ठेवता येतात, ते विचारून घ्या.

मोशीची_ताई

हो काका. एकच अडलंय. ईएसआयचे पैसे बँकेत येणार, आणि भाऊ आता डाव्या हाताने सही करतो. बँकेतल्या नमुना सहीशी ती जुळत नाही, मागच्या आठवड्यात पैसे काढायला गेला तर परत पाठवलं.

तळवडे_शॉप

ताई, शाखेत जाऊन सही बदलण्याचा अर्ज द्या. आधार, पासबुक, दोन फोटो आणि हॉस्पिटलचा डिस्चार्ज कागद सोबत न्या. नवीन नमुना सही अधिकाऱ्यासमोर डाव्या हाताने करायची. सही अजून स्थिर होत नसेल तर अंगठ्याचा ठसा चालतो का तेही विचारा. मी माझ्या त्या मुलासोबत हेच करायला गेलो होतो.